घरच्या बागेंतील आगगाडी



खेळण्यांतील आगगाडी आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. किल्ली दिली कीं ती फरशीवरून गोल गोल फिरते, आणि चार दिवसांत मुलांना तिचा कंटाळा येतो. आज ज्या गाडीविषयीं आम्ही लिहिणार आहों ती याहून निराळी आहे. ती फरशीवर न धावतां अंगणांतील मातीवर, उन्हापावसांत, खऱ्या झाडांच्या बुंध्यांशेजारून धावते. तिला भराव, मोऱ्या, पूल व उतार हीं सर्व खरोखरीचीं लागतात. आणि ती एकट्या मुलाची नसून साऱ्या घराची असते. जर्मनी, इंग्लंड, अमेरिका इत्यादि देशांत असे लहान लोहमार्ग अनेक कुटुंबें आपल्या बागेंत हौसेनें बांधतात. आपल्याकडे ही हौस अद्याप फारशी रुजलेली नाहीं. म्हणून शेंद्रा येथील आमच्या घरीं आम्हीं जो एक लहानसा मार्ग घातला, त्याची हकीकत आणि तीवरून मिळालेले धडे येथें क्रमानें सांगावे असें योजिलें आहे. आमच्या चुकाही आम्ही लपविणार नाहीं. कारण ह्या कामांत आम्हांस जें शिकावयास मिळालें तें बहुतेक चुकांतूनच मिळालें.

मूळ गाडी

लहान गाडी करूं इच्छिणारानें प्रथम मोठ्या गाडीची ओळख करून घ्यावी. हिंदुस्थानांत प्रवाशांची पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईच्या बोरीबंदरापासून ठाण्यापर्यंत सुमारें ३४ किलोमीटर धावली, हें आपण इतिहासांत वाचलेंच आहे. त्या मार्गाच्या दोन रुळांमधील अंतर १,६७६ मिलिमीटर होतें. यालाच ब्रॉडगेज म्हणतात. परंतु इतका रुंद मार्ग सर्वत्र घालणें फार खर्चाचें पडूं लागल्यामुळें पुढें १८७० नंतर कित्येक ठिकाणीं एक मीटर, म्हणजे १,००० मिलिमीटर रुंदीचे मार्ग घालण्यांत आले. त्यांस मीटरगेज म्हणतात.

आपल्या भागांतील मार्ग ह्या दुसऱ्या प्रकारचा होता. मनमाडपासून सिकंदराबादेपर्यंत जाणारी हैद्राबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यांत सुरू झाली, ती मीटरगेजवर. लासूर, दौलताबाद, छत्रपती संभाजीनगर (तेव्हांचें औरंगाबाद), चिकलठाणा, करमाड, बदनापूर, जालना ह्या स्टेशनांवरून कित्येक पिढ्या ह्याच गाडीनें फिरल्या. पुढें सर्व देशभर एकाच रुंदीचे रूळ असावेत असें धोरण ठरलें, आणि १९९० नंतरच्या दशकांत येथील मीटरगेज उखडून त्या जागीं ब्रॉडगेज आलें. गाड्या मोठ्या झाल्या, वेग वाढला, मनमाडास गाडी बदलण्याचा त्रास चुकला. हें सर्व चांगलेंच झालें. परंतु जुनी लहान गाडी मात्र नाहींशी झाली.

आमच्या घरच्या आजोबांनीं, ज्यांना आम्ही सर्व आबा म्हणतों, आपली बहुतेक नोकरी त्याच मीटरगेजवर रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळींत केली. खडी ठोकणें, सांधे तपासणें, पावसाळ्यांत रात्रीं कंदील घेऊन रुळांवरून चालणें, हें त्यांचें काम. ज्या रुळांची त्यांनीं इतकीं वर्षें राखण केली तेच उखडले गेल्यावर ते स्टेशनाकडे फिरकेनासे झाले. त्याविषयीं ते कधीं तक्रार करीत नसत. नुसते गप्प बसत. एके दिवशीं आमच्या धाकट्या मुलीनें विचारलें, “आबा, तुमची गाडी केवढी होती?” आबांनीं दोन्ही हात पसरून रुळांमधील अंतर दाखविलें आणि म्हणाले, “एवढी.” मुलगी म्हणाली, “तशी आपण अंगणांत करूं या ना!” आमच्या मार्गाचा पाया प्रत्यक्षांत त्या दिवशीं घातला गेला असें म्हणावयास हरकत नाहीं.

मापाचें गणित

कोणतीही प्रतिकृति करावयाची तर प्रथम प्रमाण ठरवावें लागतें. लहान आगगाड्यांचीं ठराविक मापें असावीं, म्हणजे एकाचा डबा दुसऱ्याच्या रुळावर चालेल, ही कल्पना जर्मनींतील मार्क्लिन ह्या खेळणीं करणाऱ्या कारखान्यानें १८९१ मध्यें अमलांत आणिली. बागेंतील मार्गांसाठीं पुढें जें माप सर्वत्र रूढ झालें तें ४५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांचें. जर्मनींतीलच लेहमान ह्या जुन्या कारखान्यानें १९६८ मध्यें ‘एल्. जी. बी.’ नांवाची ऊनपावसांत टिकणारी मोठी गाडी बाजारांत आणिली, तेव्हांपासून ह्या मापाचा विशेष प्रसार झाला. तिचें प्रमाण १ : २२.५ असें आहे.

आतां आपण एक भागाकार करूं. मीटरगेजची रुंदी १,००० मिलिमीटर, तिला २२.५ नें भागिलें असतां ४४.४ येतात, म्हणजे जवळ जवळ ४५. हा भागाकार आमच्या मुलानें वहीत केला तेव्हां आम्हां सर्वांस केवढा आनंद झाला म्हणून सांगावें! जगांतील बागांत जो रूळ सर्वांत अधिक वापरतात तो नेमका आबांच्या गाडीचा निघाला. ब्रॉडगेजची गाडी ह्याच प्रमाणांत करावयाची असती तर रूळ ७४ मिलिमीटरांहून अधिक रुंद लागले असते.

प्रमाण एकदां ठरलें कीं बाकीचीं मापें आपोआप ठरतात. १८ मीटर लांबीचा डबा धरला तर तो आपल्या बागेंत ८० सेंटिमीटरांचा होईल. १८० सेंटिमीटर उंचीचा मनुष्य ८ सेंटिमीटरांचा होईल. ताशीं ४५ किलोमीटर जाणारी गाडी ताशीं २ किलोमीटर, म्हणजे सेकंदास सुमारें ५६ सेंटिमीटर जाईल. मुलांना नेहमीं वाटतें कीं गाडी जोरानें पळवावी. परंतु ह्या गणितानें त्यांच्या ध्यानांत येतें कीं लहान गाडी मंद चालली तरच ती खऱ्यासारखी दिसते.

आपल्याकडील उदाहरणें

लहान आगगाडीची हौस महाराष्ट्रांत अगदींच नवी नाहीं. पुण्यास कर्वे रस्त्यानजीक कोथरूड येथें भाऊसाहेब जोशी ह्यांनीं आयुष्यभर जमविलेल्या व स्वतः बांधिलेल्या गाड्यांचें संग्रहालय १९९८ मध्यें लोकांसाठीं खुलें झालें. तेथील गाड्या खोलींत धावणाऱ्या असून आमच्याहून पुष्कळ लहान प्रमाणाच्या आहेत. पण एका माणसाची चिकाटी काय करूं शकते हें पाहण्यासाठीं प्रत्येक विद्यार्थ्यानें तें संग्रहालय पाहावें. पुण्याच्याच पेशवे उद्यानांत १९५६ मध्यें ‘फुलराणी’ सुरू झाली, तींत बसून मुलांच्या कित्येक पिढ्या फिरल्या. आणि नेरळहून माथेरानास जाणारी गाडी तर आपणां सर्वांस ठाऊक आहे. ती १९०७ मध्यें पीरभॉय कुटुंबानें पुढाकार घेऊन सुरू केली. तिचे रूळ अवघे ६१० मिलिमीटर रुंद आहेत.

माथेरानची गाडी नवशिक्यास एक मोठा धडा शिकविते. तिच्या मार्गावर कांहीं ठिकाणीं दर २० मीटरांस १ मीटर इतका चढ आहे, आणि वळणें फार आवळ आहेत. तीं घेतां यावींत म्हणून तिच्या पहिल्या वाफेच्या इंजिनांचे आंस बाजूस सरकतील अशा खास रचनेचे करावे लागले. बोरघाटांतून १८६३ मध्यें जो मार्ग सुरू झाला त्याचा चढ ३७ मीटरांस १ मीटर होता, आणि तेथेंही गाडीस मागून इंजिन लावावें लागे. सारांश, चढ व वळण हे आगगाडीचे दोन शत्रु. मोठमोठ्या इंजिनियरांस ते टाळतां आले नाहींत. आपणांस मात्र आपल्या अंगणांत ते सहज टाळतां येतात.

जागा व आराखडा

प्रथम कागदावर आराखडा काढावा. आमचा मार्ग अगदीं साधा, लांबट वर्तुळाचा आहे. दोन्ही टोकांस अर्धवर्तुळें, त्यांची त्रिज्या १.२ मीटर, आणि त्यांस जोडणारे दोन सरळ भाग, प्रत्येकीं ३ मीटर. दोन अर्धवर्तुळांचा परीघ मिळून ७.५४ मीटर, व सरळ भाग ६ मीटर. एकूण लांबी १३.५४ मीटर. कडेस ३० सेंटिमीटर मोकळी जागा धरिली तर ह्याला ६ मीटर लांब व ३ मीटर रुंद जागा पुरते. बाजारांत याहून आवळ, ६० सेंटिमीटर त्रिज्येचीं वळणेंही मिळतात. तीं घेण्याचा मोह होतो, कारण जागा थोडी लागते. परंतु त्यांवर लांब डबे अडखळतात व चाकें लवकर झिजतात. जागा असेल तितकें वळण मोठें घ्यावें.

चढाविषयीं नियम असा कीं शक्य तों मार्ग सपाटच ठेवावा. चढ द्यावाच लागला तर ५० सेंटिमीटरांस १ सेंटिमीटर याहून अधिक देऊं नये. इतक्या चढावर ५ किलो वजनाच्या गाडीस वर नेण्यास इंजिनास १०० ग्रॅम वजनाइतकी ओढ अधिक लावावी लागते. एक मार्ग दुसऱ्याच्या वरून पुलानें न्यावा असें प्रत्येक मुलास वाटतें. पण खालून गाडी जाण्यास २० सेंटिमीटर उंची हवी असेल, तर ह्या नियमाप्रमाणें पुलाच्या एकेका बाजूस १० मीटर लांबीचा चढ लागेल! आमच्या मुलानें हें गणित स्वतः केलें आणि पुलाचा हट्ट स्वतःच सोडला. वडिलांनीं ‘नको’ म्हणण्यापेक्षां हें किती चांगलें!

पायाची गोष्ट

आतां आमच्या मुख्य चुकीची हकीकत सांगतों. आपल्या भागांतील जमीन काळी. लाव्हारसापासून झालेल्या खडकाची झीज होऊन ही माती तयार झाली आहे. हिच्यांत जी बारीक चिकणमाती असते तिचा गुण असा, कीं ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यांत वाळली म्हणजे आकसून तिला भेगा पडतात. कापसास ही माती उत्तम. पायास अत्यंत वाईट. हें आम्हांस पुस्तकांतून ठाऊक होतें, पण एवढ्याशा खेळण्याच्या गाडीस त्याचें काय, असें आम्हीं मनाशीं म्हटलें.

माघ महिन्यांत आम्हीं चार बोटें खोल चर खणला, त्यांत वाळू पसरली आणि वर रूळ मांडले. आबा ओट्यावरून पाहत होते. ते एवढेंच म्हणाले, “पाण्याला आधीं वाट करून द्या, मग गाडीला.” आम्ही हंसलों, पाऊस अजून चार महिने दूर होता. गाडी सुरेख धावली. शेजारपाजारचीं मुलें जमलीं. आमच्या आनंदास सीमा नव्हती.

मग आषाढ आला. दोन रात्रीं मुसळधार पाऊस पडला. सकाळीं पाहतों तों वाळू वाहून फाटकाशीं जमलेली, एका बाजूची माती फुगून रूळ वर उचललेले, दुसऱ्या बाजूस ते अधांतरीं लोंबत असलेले. मुलीनें आग्रहानें गाडी सुरू केली, ती पहिल्याच वळणावर कलंडली व एक डबा मोडला. मुलगी रडूं लागली. मुलगा म्हणाला, “आतां हें सर्व काढून टाकूं.” आम्हांसही तसेंच वाटत होतें.

आबा ओट्यावरून उठले, चिखलांत उतरले, आणि मोडका डबा उचलून त्यांनीं मुलीच्या हातीं दिला. “बाळ, ह्यांत गाडीचा दोष नाहीं,” ते म्हणाले. “आमच्या लाइनीवर सुद्धां असें होई. तेव्हां आम्ही लाइन सोडून देत नव्हतों. पाणी कोठें अडलें तें पाहत होतों.” मग त्यांनीं दोन्ही मुलांना बरोबर घेऊन, पाऊस पडत असतांनाच, पाणी अंगणांत कोठून येतें, कोठें साचतें व कोठून जातें हें दाखविलें. मुलांनीं प्रत्येक ठिकाणीं एकेक काडी रोविली. पाऊस उघडल्यावर त्या काड्यांचा नकाशा वहीत उतरविला गेला. तोच आमचा खरा आराखडा ठरला. आम्हां शिकलेल्या माणसांस त्या दिवशीं खालीं मान घालावी लागली.

मग दिवाळीच्या सुटींत मार्ग नव्यानें घातला. त्याची रीत येथें देतों, म्हणजे आमची चूक दुसऱ्या कोणाकडून होणार नाहीं. मार्गाच्या सर्व लांबीवर २० सेंटिमीटर रुंद व २० सेंटिमीटर खोल चर खणावा आणि त्यांतील काळी माती सर्व काढून टाकावी. त्यांत कठीण मुरूम दोन थरांत घालावा. प्रत्येक थरावर थोडें पाणी शिंपडून तो धुमसानें चांगला ठोकावा. वरचे चार सेंटिमीटर बारीक खडीसाठीं राखावे. ह्या सर्वांस सुमारें अर्धा घनमीटर, म्हणजे एका ब्रासचा पांचवा हिस्सा माल लागतो. चराच्या बाहेरून, त्याहून थोडी खोल अशी पाण्याची नाली काढावी व तिला फाटकाकडे उतार द्यावा. जेथें पाणी मार्ग ओलांडतें तेथें रुळांखालून नळीचा तुकडा घालून मोरी करावी. खडी गोल नसावी, कोनेदार असावी. कारण कोनेदार खडे एकमेकांत अडकून स्लीपरांस धरून ठेवितात, गोल गोटे घरंगळतात. मोठ्या लोहमार्गावरही फोडलेलीच खडी टाकतात, तें याचसाठीं.

ह्यानंतरच्या पावसाळ्यांत आमचा मार्ग केवळ दोन ठिकाणीं थोडा खचला. तेथें आबांनीं मुलांकडून खडी ठोकून घेतली, आणि अर्ध्या तासांत गाडी पुन्हां सुरू झाली.

उन्हाचा परिणाम

दुसरी चूक उन्हानें शिकविली. दिवाळींत थंडीच्या दिवसांत आम्हीं रुळांचे सांधे एकमेकांस घट्ट भिडवून बसविले होते. चैत्रांत एके दुपारीं पाहतों तों सरळ रूळ धनुष्यासारखा वांकलेला! पितळ तापलें असतां दर अंशास आपल्या लांबीच्या एक लक्षांशाच्या सुमारें दुपटीनें वाढतें. हिवाळ्यांतील पहांटेचे १० अंश आणि उन्हांत तापलेल्या रुळाचे ६० अंश धरिले, तर ५० अंशांच्या फरकानें ३ मीटर लांबीचा रूळ जवळ जवळ ३ मिलिमीटर वाढतो, आणि आमचा सर्व मार्ग १३ मिलिमीटर. ह्या वाढीस जागा ठेविली नाहीं तर रूळ वांकणारच. म्हणून थंडींत रूळ जोडतांना प्रत्येक सांध्यांत किंचित् फट ठेवावी, आणि स्लीपर सिमेंटांत पक्के न बसवितां खडींतच मोकळे राहूं द्यावे.

हें कळल्यावर आबा कपाळास हात लावून म्हणाले, “फट ठेवायची असते हें सांगायला मीच विसरलों. आम्हांला तें श्वास घेण्यासारखें होतें, म्हणून बोलायचें सुचलें नाहीं.” ह्यावरून आम्हीं एक नियम केला: घरांतील जाणत्या माणसानें सांगण्याची वाट पाहूं नये, लहानांनीं विचारावें. मुलांची प्रश्नांची वही त्या दिवसापासून सुरू झाली.

गाडी, वीज व खर्च

परदेशी गाड्यांचे पूर्ण संच फार महाग असतात. ते एकदम घ्यावे असें आम्ही कोणास सुचविणार नाहीं. आम्हीं तयार रूळ व एक इंजिन एवढेंच विकत घेतलें, तेंही हळूहळू. डबे सागाच्या पातळ फळ्यांचे घरींच केले. चाकें एका ओळखीच्या कारागिराकडून लेथवर कातून घेतलीं. जोडीच्या दोन चाकांच्या आंतील कडांमध्यें सुमारें ४० मिलिमीटर अंतर असावें, एवढें माप त्याला नीट द्यावें. शेंद्र्यास कारखान्यांत काम करणारे कुशल पालक पुष्कळ आहेत. त्यांच्या हातांतील विद्या मुलांना दाखविण्याची ही उत्तम संधि आहे. ज्यांना इंजिनही परवडत नाहीं त्यांनीं प्रथम हातानें ढकलावयाची ट्रॉली करावी. मोठ्या मार्गांवरही रूळ तपासणारे अधिकारी ढकललेल्या ट्रॉलींतूनच फिरत.

विजेविषयीं सावधगिरीची सूचना आहे. बागेंतील गाड्या सुमारें १८ ते २४ व्होल्टच्या सौम्य विजेवर चालतात. ही वीज रुळांतून देतां येते. पण मग रूळ नेहमीं घासून स्वच्छ ठेवावे लागतात. म्हणून आम्हीं डब्यांत पुन्हां भरतां येणारी बॅटरी ठेविली आहे. त्यामुळें रूळ ओले किंवा मळके असले तरी अडत नाहीं. घरांतील मोठ्या दाबाच्या विजेची तार कोणत्याही कारणानें बागेंत आणूं नये. बॅटरी भरण्याचें यंत्र घरांतच, कोरड्या जागीं, वडील माणसाच्या देखरेखीखालीं असावें.

झाडें व स्टेशनें

मार्गाच्या कडेस लावण्याचीं झाडें बारीक पानांचीं निवडावीं. मरवा, सब्जा, तुळस हीं खुडून लहान ठेविलीं तर मोठ्या वृक्षांसारखीं दिसतात. मोहरी पेरली कीं आठवड्यांत हिरवें शेत तयार होतें. दूर्वा मात्र लांब ठेवाव्या. त्या खडींत शिरल्या म्हणजे उपटतां उपटत नाहींत. लांकडी स्लीपर किंवा लांकडी स्टेशन जमिनीस टेकूं देऊं नये. आमच्याकडील वाळवी त्यांचा एका पावसाळ्यांत फडशा पाडते. आमचीं स्टेशनें विटांच्या तुकड्यांचीं व सिमेंटाचीं आहेत.

स्टेशनांस नांवें देण्याची वेळ आली तेव्हां मुलांनीं पाट्या तयार करून आबांपुढें ठेविल्या. आबांनीं मनमाडपासून आरंभ केला, आणि एकेक स्टेशन, तेथें पाणी कोठें मिळे, कोणत्या मोरीखालीं दर वर्षीं भराव खचे, कोणत्या वळणावर रात्रीं कंदील जपावा लागे, हें सर्व सांगत जालन्यापर्यंत आले. सून आंतून हांक मारीत राहिली, “मामंजी, जेवण निवतें आहे,” पण त्या दिवशीं कोणीच उठलें नाहीं. आमच्या अंगणांत जागा दोनच स्टेशनांस होती. मुलांनीं एकास दौलताबाद व दुसऱ्यास करमाड हें नांव दिलें. बाकीचीं नांवें वहीत लिहून ठेविलीं आहेत.

त्यानंतरच्या रविवारीं आबा आपण होऊन म्हणाले, “चला, करमाडला जाऊन खरी गाडी पाहून येऊं.” कित्येक वर्षांनीं ते स्टेशनावर गेले. नवे रुंद रूळ त्यांनीं बराच वेळ पाहिले, फलाटाच्या टोकाशीं जाऊन खडी पाहिली, आणि मुलांस म्हणाले, “ठोकलेली चांगली आहे.” एवढेंच. परंतु परत येतांना ते गप्प नव्हते.

पालकांस आमची एवढीच विनंति आहे. मुलांस नुसतें खेळणें आणून देऊं नका. त्यांच्याबरोबर चर खणा, आणि घरांतील वडील माणसांस त्या चराच्या कांठावर बोलवा. जमीन, पाणी व ऊन ह्यांचे नियम मुलें हातानें शिकतील, आणि ज्या गोष्टी पुस्तकांत नाहींत त्या वडिलांच्या तोंडून ऐकतील. ज्यांच्याकडे अंगण नाहीं त्यांनीं गच्चीवर फळीवर वाळूची पेटी करून दोन मीटर मार्ग घालावा. शिक्षण तेंच मिळेल.

विद्यार्थ्यांसाठीं उदाहरणें

१. माथेरानच्या मार्गाची रुंदी ६१० मिलिमीटर आहे. १ : २२.५ ह्या प्रमाणांत तिची रुंदी किती येईल?

२. बागेंतील मार्ग १२ सेंटिमीटर वर चढवावयाचा आहे. चढ ५० स १ असा ठेविला तर किती मीटर लांबी लागेल?

३. १३.५४ मीटर लांबीच्या मार्गावर एक फेरी करण्यास गाडीस २४ सेकंद लागले. खऱ्या गाडीचा त्या प्रमाणांतील ताशीं वेग काढा.

४. पुढच्या पावसांत आपल्या घराभोंवतीं पाणी कोठून येतें, कोठें साचतें व कोठून जातें तें पाहून त्याचा नकाशा काढा. हें उदाहरण सर्वांत महत्त्वाचें आहे. त्याचें उत्तर पुस्तकाच्या मागें सांपडणार नाहीं.